कस्टम लूपमधला पंप: थंड कसा ठेवायचा आणि वर्षानुवर्षं कसा चालवायचा

कस्टम वॉटर-कूलिंगचा पीसी बांधायला घेतला की बहुतेकांचा वेळ रेडिएटरची जाडी, नळ्यांचा रंग आणि ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकचं (चिपची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचं) दिसणं यातच जातो. पंपाचा नंबर शेवटी लागतो, तोही बजेटमध्ये उरलेल्या पैशांवर. खरं तर अख्ख्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद मार्गात, पाणी हलवणारा भाग तोच एक आहे. एखादा पंखा बंद पडला तर तापमान सावकाश चढतं. पंप थांबला तर प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधलं चमचाभर पाणी बघता बघता तापतं. प्रोसेसर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो हे खरं, पण पीईटीजी या कडक प्लास्टिकच्या नळ्या ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात, आणि मग फिटिंगमधून नळी सुटायला वेळ लागत नाही.

पंप थंड ठेवण्याबद्दल सल्ले पुष्कळ मिळतात, पण एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. पंपाची उष्णता कुठून बाहेर पडते, हे पंपागणिक बदलतं. ती वाट ओळखल्याशिवाय हीटसिंक चिकटवण्यात किंवा पंखा लावण्यात अर्थ नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी तुमचा पंप ओळखा

कस्टम लूपमध्ये वर्षानुवर्षं दोन घराण्यांचं राज्य आहे: डी५ आणि डीडीसी. दोन्ही मूळचे लायंग या जर्मन कंपनीचे. ही कंपनी आता झायलेमकडे आहे. ईके, स्विफ्टेक, ॲक्वा कॉम्प्युटर, वॉटरकूल अशी नावं खोक्यावर दिसली तरी आतला पंप बऱ्याचदा यांपैकीच असतो. स्विफ्टेकचा एमसीपी६५५ म्हणजे डी५ आणि एमसीपी३५५ म्हणजे डीडीसी. दिसण्यावरून ओळखायचं तर डी५ गोल, मोठा आणि लांबट असतो. डीडीसी बुटका, चौकोनी आणि तळाशी सपाट.

दोन्हींची मोटर गोलाकार रोटरची आहे. रोटर एका सिरॅमिक गोळीवर टेकलेला असतो आणि चुंबकाच्या ओढीने जागेवर राहतो. त्याला बाहेर येणारा दांडा नाही, त्यामुळे झिजून गळणारं शाफ्ट-सीलही नाही. या रचनेमुळेच हे पंप इतके टिकतात. मात्र बेअरिंगला वंगण म्हणून लूपमधला द्रवच असतो, दुसरं काही नाही. द्रव नसेल किंवा त्यात कचरा असेल तर पहिला फटका बेअरिंगला बसतो.

आता उष्णतेची वाट. डी५ मध्ये मोटरची वेटोळी आणि द्रव यांच्यामध्ये धातूची पातळ भिंत असते, त्यामुळे बरीचशी उष्णता सरळ द्रवात जाते आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते. पूर्ण वेगात हा पंप सुमारे २३ वॅट खातो, तरी त्याची पाठ फार तापत नाही. डीडीसीचं सर्किट तळाला असतं आणि त्याची उष्णता मुख्यतः खालच्या बाजूने हवेत जाते. त्याची १८ वॅटची ३.२ ही आवृत्ती जोरदार आहे, आणि तळ कोंडला गेला तर तिची ड्रायव्हर चिप जळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. १० वॅटची ३.१ आवृत्ती बरीच सोशिक.

थोडक्यात, डी५ ला थंड द्रव हवा आणि डीडीसीला थंड द्रवाबरोबर तळाला खेळती हवाही हवी. डी५ साठी मिळणारी ॲल्युमिनियमची आवरणं दिसायला छान असतात, पण थंडाव्यासाठी ती घेण्याची गरज नाही. तोच पैसा डीडीसीच्या हीटसिंकवर लावला तर सार्थकी लागतो.

डीडीसीच्या तळाची व्यवस्था

डीडीसी जसा येतो तसा फोमच्या तुकड्यावर केसच्या तळाशी चिकटवणं ही सर्रास दिसणारी पद्धत आहे. फोम थरथर गिळतो, आवाज कमी होतो, पण उष्णता कोंडते. तळाखाली किमान सेंटिमीटरभर मोकळी जागा सोडा. थरथर कमी करायची असेल तर चार कोपऱ्यांवर रबरी पाय किंवा सिलिकॉनचे स्पेसर लावा आणि मधला भाग उघडा ठेवा.

१८ वॅटचा पंप असेल तर खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून त्याजागी हीटसिंकचं कव्हर बसवा. वरचा टॉप (पाण्याची तोंडं असलेलं झाकण), पंप आणि खालचं कव्हर चार लांब स्क्रूंनी एकत्र धरलेले असतात, म्हणून हे काम लूप रिकामा असतानाच करायचं. सोबत येणारा थर्मल पॅड मुकाट्याने वापरा. त्याऐवजी थर्मल पेस्ट चालणार नाही, कारण सर्किटवरचे भाग वेगवेगळ्या उंचीचे असतात आणि त्यांच्यामधली पोकळी पॅडच भरून काढतो. पॅडवरची दोन्ही बाजूंची प्लास्टिकची पापुद्री काढली आहे ना, हे पाहूनच पुढे जा. स्क्रू कोपरा सोडून कोपरा, थोडे थोडे आवळा. एका बाजूने पूर्ण आवळत गेलात तर ओ-रिंग तिरकी दबते.

नंतर हवा. केसच्या पुढच्या पंख्याची ताजी हवा पंपावरून जाईल अशी जागा उत्तम. रेडिएटरमधून बाहेर पडणारी तापलेली हवा पंपावर येत असेल तर हीटसिंकचा निम्मा फायदा तिथेच संपला. हवा पोचतच नसेल तर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा मंद गतीवर लावला तरी मोठा फरक पडतो.

तासभर लोड देऊन तळ तपासा. बोट दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल तर तो भाग ६० अंशांच्या आसपास आहे असं धरा आणि व्यवस्था सुधारा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर थेट रोखू नका, आकडा खोटा कमी येतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

वेग कमी करा

पंपाला थंड ठेवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि लोक तो सोडून बाकी सगळं करतात. सेंट्रिफ्युगल पंपात प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. पंप ७० टक्के वेगावर आणलात तर शक्ती हिशोबाने ३४ टक्क्यांवर येते. सर्किटचा स्वतःचा थोडा खर्च असल्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा वर राहतो, पण उष्णतेतली घट मोठीच असते.

मग प्रोसेसर तापणार नाही का? गणित करून पाहा. १ किलो पाणी १ अंशाने तापायला सुमारे ४,१८६ जूल लागतात. लूपमध्ये ४०० वॅट उष्णता येत असेल आणि प्रवाह तासाला १२० लिटर असेल, तर एका फेरीत पाणी सुमारे २.९ अंशांनी तापतं. प्रवाह २४० लिटर केला तर १.४ अंश. ३६० लिटरला नेला तर जेमतेम १ अंश. म्हणजे १२० वरून २४० ला जाण्यात दीड अंशाचा फायदा, पण त्यापुढे जीव तोडून पंप पळवला तरी हाती अर्धा अंशच लागतो. ब्लॉकच्या बारीक चिरांमधून उष्णता उचलण्यासाठी थोडा वेग लागतो हे खरं. त्यासाठी तासाला २०० ते २४० लिटर बहुतेक लूपना पुरेसे होतात.

डी५ च्या व्हॅरिओ आवृत्तीला मागे १ ते ५ आकड्यांची चकती असते. मिनिटाला १,८०० ते ४,८०० फेरे हा तिचा पल्ला. एक प्रोसेसर ब्लॉक, एक ग्राफिक्स ब्लॉक आणि दोन रेडिएटर असतील तर ३ वर ठेवून पाहा. पीडब्ल्यूएम (मदरबोर्डच्या सिग्नलने वेग बदलणाऱ्या) आवृत्तीत ६० ते ७० टक्क्यांपासून सुरुवात करा, तासभर लोड द्या, तापमान लिहून ठेवा, मग १० टक्क्यांनी वेग बदलून पुन्हा मोजा. जिथून वेग वाढवूनही तापमान हलत नाही, तो तुमच्या लूपचा आकडा. तो एकदा सापडला की कायम ठेवा. प्रोसेसरच्या तापमानानुसार पंपाला सतत वरखाली पळवण्यात काही हशील नाही. वरखाली व्हायचं ते पंख्यांनी, तेही द्रवाच्या तापमानानुसार.

द्रवाचं तापमान आणि आपला उन्हाळा

डी५ आणि डीडीसी या दोन्हींसाठी द्रवाची कमाल मर्यादा ६० अंश धरली जाते. युरोपातल्या मार्गदर्शकांत ही मर्यादा कुणाला आडवी येत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मात्र मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि एसी नसलेल्या खोलीत ४० अंश असतात. ठीकठाक लूपमध्येही पूर्ण लोडला द्रव खोलीपेक्षा १० ते १२ अंशांनी वर जातो. म्हणजे द्रव ५२ वर आला आणि पंपाला मोकळीक उरली ८ अंशांची. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात उत्तम चाललेला लूप विदर्भातल्या उन्हाळ्यात कडेवर असतो तो असा.

म्हणून द्रवाच्या तापमानाचा सेन्सर ही चैन नाही. जी १/४ या फिटिंगच्या नेहमीच्या आट्याच्या बुचात १० किलो-ओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा भाग) बसवलेला मिळतो, तो मदरबोर्डच्या तापमान-पिनांवर लागतो. पंख्यांचा वेग त्यावरून ठरवा, ५० अंशांना इशारा आणि ५५ ला मशीन बंद अशी सोय करा. उन्हाळ्यापुरती ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट १५-२० टक्क्यांनी खाली आणली तर खेळात फारसा फरक जाणवत नाही आणि लूप बराच निवांत होतो.

डेझर्ट कूलर असलेल्या खोलीत त्याचा झोत थेट केसवर येऊ देऊ नका. हवा थंड लागते, पण सोबत धूळ आणि क्षाराचे तुषार रेडिएटरच्या पात्यांत बसतात. उलट, साध्या लूपमधल्या नळ्यांवर दव जमेल ही भीती मनात आणू नका. तिथला द्रव नेहमी आसपासच्या हवेपेक्षा गरमच असतो. कोकणातल्या दमट हवेतही हेच लागू.

वीज नीट द्या

मदरबोर्डवरचा साधा फॅन हेडर (पंखा जोडायच्या पिना) बहुधा १ ॲम्पियरचा, म्हणजे १२ वॅटचा असतो. २३ वॅटचा पंप त्यावर लावणं म्हणजे हेडर जाळण्याची तयारी. पंपाची वीज सरळ पॉवर सप्लायच्या साटा किंवा मोलेक्स केबलवरून घ्या आणि हेडरला फक्त वेग मोजणारी व पीडब्ल्यूएमची तार जोडा. वॉटर-पंपासाठी २-३ ॲम्पियरचा खास हेडर असेल तर मॅन्युअलमध्ये आकडा पाहून ठरवा.

मोलेक्स ते साटा असे साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टर टाळा. त्यांच्यात तारा आतल्या आत सरकून शॉर्ट होण्याचा आणि जळण्याचा धोका असतो. दोन पंप असतील तर दोघांना वेगवेगळ्या केबल द्या. पॉवर सप्लाय चालू असताना पंपाचा कनेक्टर काढू-लावू नका. डीडीसीचं सर्किट याबाबत नाजूक आहे. प्लस-मायनस उलटे झाले तर पंप तिथेच संपतो, तेव्हा स्वतः केबल बनवत असाल तर मल्टिमीटर लावून खात्री करा. व्होल्टेज कमी करून वेग घटवायलाही जाऊ नका, कारण कमी व्होल्टेजवर पंप सुरूच न होण्याची शक्यता असते.

आणखी एक तपासणी: पीडब्ल्यूएमची तार काढल्यावर तुमचा पंप काय करतो? काही पूर्ण वेगाने धावतात, काही ठरलेल्या मधल्या वेगावर राहतात. लूप भरतानाच हे पाहून ठेवा, म्हणजे पुढे तार सैल झाली तर लक्षण ओळखू येईल.

बसवणं आणि पाणी भरणं

रिझर्व्हॉयर (द्रवाची टाकी) पंपाच्या तोंडापेक्षा वर हवा, म्हणजे द्रव आपल्या वजनानेच पंपात उतरतो. डी५ चं आत घेणारं तोंड मधोमध आणि बाहेर सोडणारं बाजूला असतं; ही अदलाबदल चालत नाही. पंप आडवा चालेल, उभा चालेल, पण मोटर वर आणि पाणी ढकलणारं चक्र खाली असा उलटा टांगू नका. हवा वर चढून बेअरिंगपाशी साठते.

भरण्याचा क्रम असा ठेवा:

१. नवे रेडिएटर आधी कोमट डिस्टिल्ड पाण्याने, हलवून हलवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आतले डाखकामाचे कण पंपाच्या बेअरिंगचे शत्रू आहेत.

२. द्रव घालण्याआधी हवेच्या दाबाने गळती तपासा. साधारण अर्धा बार दाब देऊन अर्धा तास काटा स्थिर राहतो का पाहा. रिझर्व्हॉयरच्या मॅन्युअलमधली मर्यादा ओलांडू नका.

३. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वीजकेबल काढून ठेवा. २४ पिनच्या कनेक्टरला जंपर प्लग लावून पॉवर सप्लायवर फक्त पंप चालवा.

४. रिझर्व्हॉयर भरा, पंप पाच-सात सेकंद चालवा, पातळी तळाला जाण्याआधी बंद करा, पुन्हा भरा. लूप पूर्ण भरेपर्यंत हेच. कोरडा पंप काही सेकंदही फिरू देऊ नका.

५. पंप सलग चालू झाला की केस पुढे-मागे, डावी-उजवीकडे तिरका करा. अडकलेली हवा रेडिएटरच्या कोपऱ्यांतून सुटते. वेग कधी कमी, कधी जास्त करा. बारीक बुडबुडे मंद वेगात वर येऊन फुटतात.

६. सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून पंप काही तास चालू ठेवा. मगच बाकी वीज जोडा.

भरल्यावर रिझर्व्हॉयरमध्ये भोवरा दिसत असेल तर पंप हवा ओढतो आहे. पातळी वाढवा, वेग उतरवा किंवा तोंडाशी भोवरा मोडणारा अडथळा बसवा. पहिल्या आठवड्यात पातळी थोडी खाली येणारच. आतली हवा निघाल्याचं ते लक्षण आहे. त्यानंतरही नळ्यांमधून अगदी सावकाश बाष्प जात राहतं, म्हणून अधूनमधून पातळी पाहत जा.

द्रवाची निवड

पंपाच्या आयुष्यासाठी सगळ्यात चांगला द्रव म्हणजे स्वच्छ, पारदर्शक, तयार कूलंट. त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक घटक आधीच असतात. दुधाळ किंवा चकाकणारे द्रव फोटोत सुंदर दिसतात, पण त्यातले घन कण कालांतराने खाली बसतात आणि ब्लॉकच्या चिरांमध्ये व पंपात थर धरतात. रोज वापराच्या मशीनमध्ये ते नकोतच, असं माझं ठाम मत आहे.

नळाचं, फिल्टरचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. बॅटरीच्या दुकानातले कॅन घेताना लेबल वाचा. 'डिमिनरलाइज्ड' आणि 'डिस्टिल्ड' यांत फरक आहे. तांबं, पितळ आणि निकेल एकत्र चालतात, पण त्याच लूपमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर किंवा ब्लॉक घातला की गंज सुरू होतो आणि त्याचा चुरा फिरत फिरत पंपात येतो. मऊ नळ्या घेणार असाल तर ईपीडीएम रबराच्या घ्या. पारदर्शक पीव्हीसीमधून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटतो आणि चिकट थर बनून बसतो.

रोजचं लक्ष

पंपाच्या वेगाची तार मदरबोर्डच्या सीपीयू फॅन हेडरला लावा आणि बायोसमध्ये इशारा चालू ठेवा. मग पंप फिरत नसेल तर मशीन सुरू होतानाच अडवतं. पण वेग दिसतो म्हणजे पाणी वाहतंय असं नाही. ब्लॉक चोंदला तरी पंप मजेत फिरत राहतो आणि वेगही नेहमीचाच दाखवतो. त्यासाठी फ्लो मीटर हवा. पहिल्या दिवशीचे तीन आकडे लिहून ठेवा: पंपाचा वेग, प्रवाह आणि ठरावीक लोडला द्रव खोलीपेक्षा किती अंश वर जातो. पुढची प्रत्येक शंका या तीन आकड्यांशी ताडून पाहायची.

वेग तोच, प्रवाह कमी: ब्लॉक चोंदला आहे किंवा नळी कुठेतरी मुडपली आहे. वेग शून्य आणि आवाजही नाही: वीज पोचत नाही किंवा सर्किट गेलं. वेग शून्य पण हलकी घुरघुर: रोटर अडकला आहे, ताबडतोब बंद करा. खळखळ: हवा आहे. हवा काढून झाल्यावरही राहणारी कटकट किंवा खरखर मात्र बेअरिंगची.

काम थांबून चालणारच नसेल, म्हणजे मशीन रात्रंदिवस रेंडरिंगला जुंपलेलं असेल, तर दोन पंप एकामागे एक जोडणारा टॉप घ्या. दोघे मिळून दाब वाढवतात, त्यामुळे दोन्ही मंद चालवता येतात, आणि एक थांबला तरी दुसरा त्याच्यातून पाणी ढकलत राहतो.

वर्षाची साफसफाई

वर्षातून एकदा लूप रिकामा करा आणि पंप उघडा. डी५ चं कडं फिरवून काढल्यावर रोटर बोटांनी सरळ वर ओढा. चुंबक सोडताना थोडा जोर लागतो, पण तिरका ओढू नका. खालची सिरॅमिक गोळी आणि रोटरमधली तिची वाटी पाहा. गुळगुळीत असेल तर मऊ ब्रशने आणि डिस्टिल्ड पाण्याने धुऊन परत बसवा. ओरखडे किंवा काळपट खड्डे दिसत असतील तर आवाज लवकरच सुरू होणार. डीडीसीला चार स्क्रू काढले की रोटर हाती येतो. त्याच वेळी हीटसिंकच्या फटींतली धूळ झटका.

साफ करूनही खरखर राहत असेल तर पंप वेगळा काढून, भरलेल्या रिझर्व्हॉयरला आखूड नळीने जोडून एकटाच चालवा. तिथे शांत चालला तर दोष लूपमधल्या हवेचा किंवा थरथरणाऱ्या बैठकीचा आहे. तिथेही खरखरला तर तो बदला. डी५ च्या जागी डी५ किंवा डीडीसीच्या जागी डीडीसी घेतलात तर टॉप आणि रिझर्व्हॉयर बहुधा तेच चालतात. ओ-रिंग मात्र नवीच घ्या, तिला सिलिकॉन ग्रीसचं पुसट बोट लावा, आणि द्रव भरण्याआधी दाबाची चाचणी पुन्हा करा.